गृहसंकुलातील मुलांचे वाढते वजन: काटा आणण्याऐवजी काय करता येईल?

प्रश्न (कार्यकारिणी सदस्य, पिंपरी-चिंचवड)

सप्रेम नमस्कार. पिंपरी-चिंचवडच्या नव्याने वसलेल्या भागात आमचे गृहसंकुल आहे. सहा इमारती, चारशेच्या आसपास सदनिका, बहुतेक घरांत आईवडील दोघेही नोकरी करणारे, आणि मुले परिसरातील निरनिराळ्या शाळांत विभागलेली. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासदांनी लहान मुलांच्या वाढत्या स्थूलतेचा विषय काढला. तो सर्वांनाच पटला, आणि नेहमीप्रमाणे त्यावर घाईघाईत एक ठरावही झाला: गणेशोत्सवात मुलांचे आरोग्य शिबिर घ्यायचे, प्रत्येकाची उंची व वजन मोजून बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) फलकावर लावायचा, आणि दिवाळीनंतर पुन्हा मोजून ज्या मुलाचे वजन सर्वांत जास्त उतरले असेल त्याला सायकल बक्षीस द्यायची. जवळच्या एका व्यायामशाळेने काटा आणि मोजणारी माणसे विनामूल्य देऊ केली आहेत.

हे काम माझ्याकडे आले आहे. हेतू मला मान्य आहे. फलक आणि बक्षीस या दोन गोष्टी मात्र खटकतात. पण नुसते खटकते म्हणून सभेचा ठराव बदलता येणार नाही, त्यासाठी हातात पर्याय असावा लागेल. एखाद्या वस्तीने वस्ती म्हणून या बाबतीत काही केले आणि त्याचा मोजता येण्याजोगा परिणाम दिसला, असे कुठे झाले आहे का? आणि फारसा निधी नसलेल्या आमच्यासारख्या संकुलाला त्यातले काय उचलता येईल? आहारतज्ज्ञांचे व्याख्यान ठेवा, हा सल्ला कृपया देऊ नये. ते दरवर्षी होते, आणि व्याख्यानानंतर समोसे असतात.

प्रतिसाद: बालरोगतज्ज्ञ, पुणे

फलक लावू नका, आणि सायकल द्यायचीच असेल तर दुसऱ्या कशासाठी तरी द्या.

वाढत्या वयातील मुलाचे वजन उतरवणे हे बहुतेक वेळा उपचाराचे उद्दिष्टच नसते. उंची वाढत असताना वजन आहे तिथे रोखून धरता आले, किंवा त्याच्या वाढीचा वेग मंदावला, तरी काही काळाने मूल योग्य प्रमाणात येते. दोन महिन्यांत सर्वाधिक वजन उतरवणारे मूल हे बहुधा जेवण टाळणारे मूल असेल, नाहीतर आजारी असेल, आणि आपण सगळ्यांसमोर त्याचा सत्कार करू.

मोजून घरी कळवले की पालक सावध होतात, हा समजही तपासला गेला आहे. कॅलिफोर्नियातील ७९ शाळांमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मुलांचा बीएमआय पालकांना कळवल्याने मुलांच्या वजनात काहीही फरक पडला नाही. उलट ज्यांचे शाळेत वजन केले गेले त्या मुलांमध्ये स्वतःच्या वजनाविषयीची नाराजी अधिक वाढलेली आढळली. तिथे तर अहवाल बंद पाकिटातल्यासारखा पालकांपुरता होता. आपल्याकडे तो उद्वाहनाशेजारी लागणार आहे.

तिसरी अडचण तांत्रिक आहे. प्रौढांचा तक्ता मुलांना लागू होत नाही. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे आलेख वापरावे लागतात. त्यांत वयाप्रमाणे आणि मुलगा की मुलगी यानुसार मर्यादा बदलते, आणि अतिवजनाच्या व स्थूलतेच्या रेषा प्रौढ भारतीयांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळतील अशा बेताने आखलेल्या आहेत. व्यायामशाळेची माणसे भिंतीवरचा प्रौढांचा २५ आणि ३० चा तक्ता घेऊन आली, तर निम्मी मुले चुकीच्या रकान्यात जातील. शिवाय आपल्या लोकांच्या शरीरात दिसते त्याहून अधिक चरबी असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. म्हणजे फलकावर ज्याचे नाव हिरव्या अक्षरांत येईल तोही निर्धास्त राहू नये.

एखाद्या मुलाच्या मानेमागे मळासारखा दिसणारा पण घासून न जाणारा काळसर पट्टा असेल, ते झोपेत मोठ्याने घोरत असेल, किंवा घरात मधुमेह असून मुलाच्या पोटाचा घेर वाढत असेल, तर पालकांनी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. तो त्या घराचा आणि त्या डॉक्टरांचा विषय आहे. संकुलाने मुलांना हात न लावता त्यांच्या भोवतालच्या गोष्टींना हात घालावा.

प्रतिसाद: बॉस्टनजवळ राहणारी मराठी सभासद

वस्तीने केलेल्या कामाबद्दल आपण विचारले आहे, म्हणून आमच्या शेजारच्या सॉमरव्हिलबद्दल लिहिते. दाट लोकवस्तीचे, स्थलांतरितांचे हे छोटे शहर. २००२ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातील क्रिस्टिना इकोनोमॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी 'शेप अप सॉमरव्हिल' हे काम सुरू केले आणि तुलनेसाठी तशीच दोन शहरे निवडली, जिथे काहीही वेगळे केले नाही.

त्यामागचा हिशेब मला फार आवडतो. खाणे आणि हालचाल मिळून प्रत्येक मुलाच्या दिवसात साधारण १२५ किलोकॅलरींचा फरक पाडायचा, एवढेच त्यांनी ठरवले होते. हा फरक एका मोठ्या उपायातून न आणता सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंतच्या अनेक लहान जागांतून आणायचा होता. त्यासाठी शाळेच्या स्वयंपाकघरात फळे-भाज्या वाढल्या. रस्ता ओलांडण्याचे पट्टे नव्याने रंगवले गेले आणि मुलांनी शाळेत चालत यावे म्हणून मार्ग सुरक्षित केले गेले. काही उपाहारगृहांनी लहान वाट्याचे आणि बऱ्या पदार्थांचे पर्याय ठेवले, शाळा सुटल्यानंतरचे वर्ग बदलले, डॉक्टरांना आणि पालकांना सोबत घेतले गेले. यात नगरपालिका होती, शाळा होत्या, हॉटेलवाले होते. एकट्या आरोग्य खात्याचे हे काम नव्हते.

आता परिणाम. पहिल्या शालेय वर्षाअखेर तुलनेच्या शहरांपेक्षा सॉमरव्हिलच्या मुलांचा वयानुरूप बीएमआय थोडा खाली आला. आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत सांगायचे तर वर्षभरात सुमारे एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी इतकी वजनवाढ टळली. सभेत हा आकडा सांगितलात तर लोक हसतील. पण ही सरासरी आहे, कोणालाही वेगळे न काढता आणि कोणाचेही जेवण न तोडता मिळवलेली, आणि स्थूलता अशाच अर्ध्या-अर्ध्या किलोंनी साठत जाते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात कोलॅक नावाच्या गावी २००३ ते २००६ या काळात डीकिन विद्यापीठाच्या मदतीने असेच काम झाले. तेथील मुलांचे वजन तुलनेच्या मुलांपेक्षा सरासरी सुमारे एक किलोने आणि कंबरेचा घेर सुमारे तीन सेंटिमीटरने कमी वाढला. तेथील संशोधकांनी आणखी एक गोष्ट तपासली, जी आपल्या ठरावात कोणाच्या ध्यानातही आलेली दिसत नाही: या मोहिमेमुळे कृश मुलांचे किंवा वजन उतरवण्याच्या मागे लागलेल्या मुलांचे प्रमाण वाढले का? ते वाढले नव्हते.

प्रतिसाद: एक नियमित वाचक

माझे मत थोडे वेगळे आहे. मुलाने काय खावे आणि किती वेळ मोबाइल पाहावा हे आईवडिलांनी ठरवायचे असते. त्यात समितीचे काय काम? घरी पिझ्झा मागवणारे पालकच सभेत हात वर करून ठराव करतात. दुसरे म्हणजे परदेशांतील आकड्यांवर फार विसंबू नये. मुलांचे वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ॲमस्टरडॅम शहराने राबवलेल्या कार्यक्रमाचे उदाहरण सगळीकडे दिले जाते. तेथे २०१२ ते २०१५ दरम्यान अतिवजनी मुलांचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८.५ टक्क्यांवर आले हे खरे आहे, पण सॉमरव्हिलसारखी तुलनेची शहरे आधी निवडून केलेला तो प्रयोग नव्हता. त्यामुळे घट त्या कार्यक्रमामुळेच झाली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

प्रतिसाद: बालरोगतज्ज्ञ, पुणे

ॲमस्टरडॅमबद्दलचा आपला आक्षेप रास्त आहे. तरी त्या शहराने शाळांत नेमके काय केले ते पाहण्यासारखे आहे, कारण आपल्या पहिल्या मुद्द्याचे उत्तर त्यातच आहे. कार्यक्रमात सहभागी शाळांमध्ये मुलांनी पिण्यासाठी पाणी किंवा दूधच आणावे आणि वाढदिवसाला वाटायचा खाऊ आरोग्याला बरा असावा, असा सर्वांसाठी एकच नियम झाला.

वाढदिवसाचेच घ्या. चाळीस मुलांच्या वर्गात वर्षाकाठी चाळीस वाढदिवस होतात, संकुलातले वेगळे, आणि प्रत्येक वेळी चॉकलेट, वेफर्सचे पाकीट आणि शीतपेय. एकट्या आईने आपल्या मुलाला 'तू घेऊ नकोस' म्हणणे म्हणजे त्या मुलाला सगळ्यांत एकटे पाडणे आहे, आणि एकट्या आईने वाढदिवसाला केळी वाटणे म्हणजे चार घरांत चर्चेचा विषय होणे आहे. ती शहाणी असूनही हरते. तेच संकुलाने सर्वांसाठी ठरवले, की संकुलाच्या कार्यक्रमांत शीतपेये आणि पाकीटबंद तळीव खाऊ मिळणार नाही, तर कोणालाही वाईटपणा घ्यावा लागत नाही. घरात पालकांनी काय करावे यात समितीने पडू नये, हे मलाही मान्य आहे. पण गणपतीच्या स्पर्धांची बक्षिसे, १५ ऑगस्टचा खाऊ, सहलीचा डबा आणि सभागृहातील वाढदिवस हे समितीच्याच हातात असते.

साखरेचा अंदाज यावा म्हणून एवढेच सांगतो, की १०० मिलिलिटर कोल्यात साधारण दहा ते अकरा ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलिटरची बाटली म्हणजे सात-आठ चहाचे चमचे. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेच्या प्रमाणाचे फलक लावायला सांगितले, ते याच कारणासाठी. आपल्याला फलक लावायचाच आहे ना? तो हा लावा.

प्रतिसाद: क्रीडाशिक्षक, नाशिक

खाण्याबद्दल वर पुरेसे आले आहे. मी जागेबद्दल लिहितो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे चांगला दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेत आठवड्याला दोन तास शारीरिक शिक्षणाचे असतात आणि परीक्षा जवळ आली की ते गणिताला जातात, हे मी कोणत्याही शाळेचे नाव न घेता सांगू शकतो. म्हणजे उरलेली सगळी हालचाल घराजवळच व्हायला हवी.

आपण एकदा सायंकाळी संकुलातून फेरी मारा आणि मुलाच्या उंचीवरून पाहा. हिरवळीला कुंपण असते, भिंतीवर 'येथे चेंडू खेळू नये' अशी पाटी असते, आणि नकाशात जे मैदान होते तिथे पाहुण्यांच्या गाड्या असतात. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर १० टक्के मोकळी जागा मनोरंजनासाठी सोडण्याची तरतूद आहे. आपले संकुल त्याआधीचे असेल तर त्या वेळचे नियम लागतील, पण दोन्ही बाबतींत मंजूर नकाशा काढून पाहण्यापासून सुरुवात करावी. ती जागा कागदावर मुलांची असेल आणि प्रत्यक्षात वाहनतळ असेल, तर सर्वसाधारण सभेत मांडण्यासारखा तोच खरा मुद्दा आहे.

जागा अजिबात नसेल तर वेळ मागा. सायंकाळी एक तास अंतर्गत रस्त्याचा एखादा भाग वाहनांसाठी बंद ठेवावा आणि पाळीपाळीने दोन मोठी माणसे तेथे उभी राहावीत. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग येथील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी २०१२ मध्ये रोज पंधरा मिनिटे मुलांना मैदानाभोवती आपापल्या गतीने पळू किंवा चालू द्यायला सुरुवात केली. वेगळा गणवेश नाही, स्पर्धा नाही, साहित्य नाही. तोच उपक्रम पुढे 'डेली माइल' या नावाने अनेक देशांत गेला. त्याचे यश साधेपणात आहे, आणि आपल्याकडच्या 'क्रीडा महोत्सवांत' नेमका तोच नसतो.

खेळ निवडताना एक गोष्ट पाहावी. बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो असे खेळ या कामाचे नाहीत, कारण जाड मूल पहिल्यांदा बाद होते आणि उरलेला वेळ कट्ट्यावर बसून काढते. क्रिकेटमध्येही तेच, एक फलंदाजी करतो, एक गोलंदाजी, आणि बाकीचे उभे. त्याऐवजी साखळी खेळा, पकडला गेलेला साखळीत जोडला जातो आणि पळतच राहतो. विषामृत खेळा, 'विष' मिळालेल्याला कोणीतरी 'अमृत' देऊन सोडवते. लगोरीत दोन्ही बाजू सतत धावत असतात. या खेळांना खर्च नाही आणि ते शिकवायला आजी-आजोबा संकुलातच आहेत. मुलींकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. अकरा-बारा वर्षांच्या झाल्या की त्या खाली यायच्या बंद होतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा मैदानाच्या कडेला उभी असलेली मोठी मुले हे असते.

प्रतिसाद: निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका

आपण 'संकुलातील मुले' असे लिहिले आहे. त्यांत घरकामाला येणाऱ्या ताईंची आणि सुरक्षा रक्षकांची मुले धरली आहेत का, हे विचारावेसे वाटते, कारण पाच रुपयांच्या पाकिटाने आता कोणतेही घर सोडलेले नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १.९ टक्के मुले उंचीच्या मानाने अतिवजनी होती. पाचव्या फेरीत ते प्रमाण ४.१ टक्के झाले. आकडा लहान आहे, पण दुपटीहून अधिक वाढला आहे. त्याच पाचव्या फेरीत राज्यातील याच वयाची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. हे दोन वेगळ्या राज्यांचे आकडे नाहीत, कधी कधी तर ते एकाच गल्लीतले असतात. माझ्या कामाच्या काळात एकाच घरात थोरले मूल जाड आणि धाकटे कृश, आणि दोघांच्याही हातात तेच कुरकुरीत पाकीट, असे मी पाहिले आहे. पाकिटाने एकाची भूक मरते आणि दुसऱ्याची चरबी वाढते.

म्हणून 'कमी खा' हा संदेश संकुलातून बाहेर जाऊ देऊ नका. तो ज्याच्यासाठी असतो त्याला तो लागत नाही आणि जिच्या मुलाला आणखी दोन घास हवे आहेत ती आई मात्र तो मनावर घेते. मोड आलेल्या मटकीची उसळ, उकडलेले अंडे, भाजलेले शेंगदाणे, हंगामी फळ, ताक हे दोन्ही मुलांना चालते. राजगिऱ्याचा लाडू आणि चिक्कीही आरोग्याच्या नावाखाली वाटली जाते. ती अधूनमधून ठीक आहे, पण गुळातली साखर साखरच असते.

आजी-आजोबांची वेगळी बैठक घ्या. दुपारी मुले त्यांच्याच ताब्यात असतात, आणि गुटगुटीत मूल म्हणजे खात्यापित्या घरचे मूल ही त्यांची समजूत उपासमारीचे दिवस पाहिलेल्या पिढीची आहे. तिची चेष्टा केलीत तर ते उठून जातील. त्यांनाच विचारा, की तुमच्या लहानपणी दुपारच्या खाण्याला काय असे. निम्मे काम ते स्वतःच करतील.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. कार्यकारिणीच्या बैठकीत मी फलक व बक्षीस रद्द करण्याचा आणि त्याऐवजी तीन गोष्टींचा प्रस्ताव मांडणार आहे: संकुलाच्या कार्यक्रमांत शीतपेये आणि पाकीटबंद खाऊ बंद, सायंकाळी सहा ते सात मागचा रस्ता मुलांसाठी, आणि मंजूर नकाशाची प्रत. ताईंच्या आणि रक्षकांच्या मुलांचा विचार आमच्या कोणाच्याही मनात आला नव्हता. त्या तासाला तीही मुले येतील असे ठरावातच लिहितो, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हरकत घेईल. वर्षभरानंतर मोजायचे ते मुलांचे वजन नसेल, तर किती मुले किती दिवस खाली आली हे असेल.

एक अडचण उरते. आमच्या फाटकाबाहेर एक वडापाव आणि चायनीजची गाडी लागते आणि क्लासवरून येणारी मुले थेट तिथेच थांबतात. शाळेपासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकता येत नाहीत असा नियम दाखवून ती गाडी हटवावी, असा काही सभासदांचा आग्रह आहे.

प्रतिसाद: निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका

तो नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० चा आहे, आणि तो शाळेच्या आवाराभोवतीच्या ५० मीटरचा आहे. गृहसंकुलाच्या फाटकाला तो लागू होत नाही. शिवाय गाडी हटवलीत तर ती चौकात जाईल आणि मुले रस्ता ओलांडून तिथे जातील. त्या गाडीवाल्यांशी बोला. सायंकाळी पाच ते सात या वेळेत भाजलेले कणीस, उकडलेले चणे, अंडी किंवा कांदेपोहे ठेवायला ते तयार होतात का ते पाहा. नवा माल खपेल की नाही ही त्यांची भीती खरी असते, म्हणून पहिला महिनाभर उरलेले पदार्थ संकुलाने ठरलेल्या दराने विकत घ्यावेत आणि रात्रपाळीच्या रक्षकांना द्यावेत. सायकलीसाठी ठेवलेले पैसे त्याला पुरतील.